बिब्ब्याची ओळख

सकाळी चहा गाळताना मान खाजली. दुसऱ्या एखादीनं ती खाजवली असती आणि चहा गाळला असता. माझ्या हातातली गाळणी कपावर तशीच तिरपी राहिली, चहा कपाबाहेर, ओट्यावर, ओट्यावरून पायावर, आणि मी आपली मागे, मानेच्या मुळाशी, जिथलं माणसाला स्वतःचं स्वतःला कधी दिसत नाही तिथे, सगळं ध्यान लावून उभी. घामोळ्याची खाज सैरभैर फिरते. डासाची एका ठिपक्यावर नाचते. ही तशी नव्हती. आधी नुसती ऊब, मग चुणचुण, मग कातडीखाली कुणीतरी सावकाश बारीक रेती पसरून राहिलंय असं. ही पाहुणी मला ओळखीची होती. कितीक वर्षांत आली नव्हती, पण उंबऱ्यावरची खाकरणी ऐकून माणूस ओळखावं तशी मी तिला ओळखली. हळूच बोट लावलं. टरारलं होतं. बिब्बा उतला होता.

“काय सांडलं गं केवळे?” बाहेर व्हरांड्यातून आईचा आवाज आला.

“चहा.”

“कामून?”

“सांडला आपला.”

“आपला आपला कसा सांडल? त्याला पाय हायत व्हय?”

मी डोक्यावरून पदर घेतला, मानेभोवती घट्ट ओढला आणि खांद्यावर पिन लावून टाकली. आरशात पाहिलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारी, सरकारी नोकराची, वय झालेली बाई एकाएकी नवी नवरी झाल्यासारखी दिसत होती. लातूर जिल्हा झाल्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या नव्या कचेरीत बढतीवर म्हणून आमचे हे नांदेडहून बदली होऊन आले होते. सगळंच नवं. नव्या पाट्या, नव्या खुर्च्या, नवे शिक्के. पाट्या तेवढ्या फसव्या, जुन्याच पत्र्यावर रंग मारलेला, उन्हानं पोपडा निघाला की खालून ‘उस्मानाबाद’ डोकावतं. मला ते बघून बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यालाही आपलं आधीचं काही झाकता येत नाही, मग आपण कोण. पण आज मला झाकायचंच होतं. कारण बाहेर बसलेली बाई, धुरपताबाई, माझी आई, काल एका अटीवर माझ्याकडे आली होती. “च्यार दिस ऱ्हाते. पर तुला उतलं तर दुसऱ्या गाडीनं माघारी. मग रडू नगंस अन् जावयाला मधी घालू नगंस.” आणि माघारी म्हणजे भोकरच्या पुढच्या त्या गावात, जिथल्या विहिरीत आता कळशी सोडली तर तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज येत होता, जिथून भाऊ बायकामुलांना घेऊन रोजगार हमीच्या कामावर लांब निघून गेला होता, जिथे शेजारची दोन घरंही कुलूप लावून उठली होती. तिथे ती एकटी राहणार होती. चार दिवस हे तिचं म्हणणं. माझं म्हणणं मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात तिनं आता इथून जायचंच नव्हतं. आणि हे सगळं तळहाताएवढ्या, नव्हे, सुपारीएवढ्या सुजेवर येऊन बसलं होतं.

आईनं जन्मभर एकच काम केलं. बिब्बे फोडले. बिब्ब्याचं झाड तसं दिसायला गरीब, मोठ्या पानांचं, डोंगरउतारावर मुकाट उभं. फळाचं वरचं पिवळं बोंड वाळवून खाल्लं तर गोड लागतं. त्याच्याखाली लटकलेली काळी बी म्हणजे बिब्बा. बीच्या सालीत काळं तेल, लागेल तिथे भाजणारं, आणि त्या तेलाच्या आत पांढरीस्वच्छ गोडंबी, जी बाळंतिणी लाडवात घालून खातात आणि अंग भरतं म्हणतात. गोड, मग विष, मग परत गोड. ज्यानं कुणी हे झाड केलं त्याचा स्वभाव आमच्या आईसारखा असावा. बोटं राखेत बुडवून, तेलात भिजवून, चिंध्या गुंडाळून गावातल्या बायका दगडावर बिब्बा धरायच्या आणि दांड्यानं ठोकायच्या. तेल उडायचंच. आईचे तळहात म्हणून गाडीच्या टायरसारखे काळे आणि तसेच चिवट. तिला कधी काही झालं नाही. भावाला झालं नाही. मला मात्र रांगत होते तेव्हापासून. तिनं उचललं की दुसऱ्या दिवशी मी भोपळा. गाल सुजून डोळे बंद, काखेत पाणी धरलेले फोड. तीळ-खोबरं चावून लावायचं, पुन्हा बरी व्हायची, पुन्हा तिनं न राहवून उचलायचं, पुन्हा भोपळा. शेवटी तिनं हात लावायचा सोडला. मला कडेवर घ्यायची तर आधी गोधडीत गुंडाळायची. पुढे ढकलायचं तर कोपरानं. भाकरी वाढायची ती लांबून, पानावर टाकून. एकदा अशीच भाकरी टाकताना ती थबकली आणि हसली, दात नसलेल्या माणसासारखं, आवाज न करता. म्हणाली, “गाव आपल्याला शिवत न्हाई, अन् मी तुला शिवत न्हाई. आता तू कुनाला शिवायचं न्हाई ते बग.” मी लहान होते. मला वाटलं, हा काहीतरी खेळ आहे आणि आता माझा डाव. मी दिवसभर विचार करून शेळीला शिवायचं नाही असं ठरवलं. शेळीला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

“ऊन व्हाय लागलं अन् तू पदर कामून गुंडाळलास?” आईनं चहाची बशी खाली ठेवत विचारलं. ताटवाटी, पेला तिनं गावाकडून स्वतःचे आणले होते. अंथरूण स्वतःचं. बसायची जागाही तिनं अशी शोधली होती की माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत तिचं काही येणार नाही.

“इथं असाच घेतात. सरकारी वस्ती आहे.”

“ती समोरची तर उघड्या डोक्यानं फिरून राहिली.”

“ती उदगीरची आहे.”

“उदगीर काय इलायतेत हाय?”

समोरची म्हणजे रत्नम्मा. तिचे यजमान याच कचेरीत, आणि मराठीत बोलताना तिला राग आला की कानडी आणि आनंद झाला तरी कानडी. तिनं तेवढ्यात दारातून हात हलवला. आईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन नुसती मान हलवली. ती सवय. हात पदराखाली. लोकांना वाटायचं म्हातारीला थंडी वाजते.

खाज वाढत होती. मी पालेभाजी निवडायला घेतली, आईकडे तोंड करून, म्हणजे मान भिंतीकडे. खाज अशी गोष्ट आहे की तिच्याकडे लक्ष दिलं तर ती वाढते आणि नाही दिलं तर ती रागावून वाढते. मी मेथीच्या एकेका पानाला मनातल्या मनात मान समजून खुडत होते. आणि डोळ्यांपुढे कालचं बसस्टँड येत होतं. गाडी थांबली, आई पायरीवर आली, मी खाली उभी, आमच्यात नेहमीचं हातभर अंतर. ड्रायव्हरनं गाडी आणखी थोडी पुढे घेतली. नुसता हिसका. आई पुढे कोलमडली आणि पडता पडता तिचा हात माझ्या गळ्यात आला. पूर्ण पंजा, मानेवर, घट्ट. तिचं सगळं वजन माझ्यावर, तिच्या पातळाचा धुराचा, भाकरीचा, जुन्या लाकडाचा वास माझ्या नाकात. एवढ्या जवळून मी तिचा वास कधी घेतला नव्हता. तो क्षण किती होता कोण जाणे, कंडक्टरनं “आजी, सावकाश” म्हणेपर्यंतचा. मग ती विजेचा झटका बसल्यासारखी मागे सरली. “धू! मान धू आदी!” भर स्टँडवर. लातुरात त्या दिवसांत पाणी मागायचं म्हणजे कुणाच्या गळ्यातली सरी मागण्यासारखं. तिनं तेलाचा हट्ट धरला. पलीकडच्या हॉटेलवाल्याला म्हणाली, “बाबा, टिपूसभर त्याल दे, लेकीच्या जिवाचं काम हाय.” तो बिचारा घाबरला. त्यानं भज्यांच्या कढईतलं पळीभर तेल गार करून दिलं. ते मी मानेला चोळलं, आणि सायकलरिक्षात बसून, कांदाभज्यांचा वास दरवळवत, पाहुणीला घेऊन घरी आले. आई रस्ताभर आपले हात उलटेसुलटे करून बघत होती. म्हणाली, “गेल्या दिवाळीपासनं बिब्ब्याला हात लावला न्हाई म्या. डोळ्यानं दिसतच न्हाई तर फोडू काय. राखनं घासले, चिचनं घासले. पर त्येचा काय भरोसा.” ‘त्याचा’ म्हणजे बिब्ब्याचा. ती बिब्ब्याबद्दल नेहमी एखाद्या व्यसनी नवऱ्याबद्दल बोलावं तसं बोलते. वाईट आहे, पण त्याच्यावरच घर चाललं.

आणि माझं तर घरच काय, सगळं आयुष्य त्याच्यावरच चाललं. मी गावात जगत नाही म्हणून आईनं मला नांदेडला मावशीकडे धाडलं. काका गिरणीत कामाला. मावशीचे हात गोरे, मऊ, साबणाच्या वासाचे. तिनं वेणी घातली की मला आधी दोन दिवस भीती वाटायची, तिसऱ्या दिवशी काही झालं नाही की चोरी पचल्याचा आनंद. शाळा होती म्हणून शाळेत गेले. चार यत्ता झाल्यावर लग्न झालं तरी वाचायचं वेड राहिलं. पुड्याचे कागद, वाचनालयातले फाटके अंक, यांच्या कचेरीत कुणी टाकून दिलेले ज्ञानाचे ग्रंथ. अशाच एका जाड पुस्तकात, आधी-नंतरची पानं गेलेल्या, मला बिब्बा भेटला. तेलाला नाव होतं. भिलावनॉल. मी ते मोठ्यानं वाचलं. एवढी वर्षं ज्यानं मला छळलं त्याला असं एखाद्या परदेशी पाहुण्यासारखं नाव असेल हे माझ्या मनातही नव्हतं. पुढे लिहिलं होतं की काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक ही याचीच भावकी, म्हणून ज्याला बिब्बा सोसत नाही त्याचे ओठ कधी कधी कैरीच्या चिकानंही सुजतात. माझे सुजतात! मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. म्हणजे आंब्याशी माझं भांडण हेही त्याच घरातलं. हवा लागली की ते तेल काळं पडतं, चुना लावला की कापडावर असं पक्कं बसतं की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. वैद्य तेच तेल विटेच्या चुऱ्यात घोळून, दुधातुपातून शुद्ध करून औषध करतात, वातावर, जुन्या खोकल्यावर. कळत नकळत जास्त झालं तर तेच मारतं. पण मला आवडलं ते पुढचं वाक्य. हे तेल प्रत्येकाला जाळत नाही. आधी शरीराला त्याची ओळख पटावी लागते. एकदा पटली की मग टिपूसभर लागलं तरी शरीर ओळखतं आणि पेटून उठतं, तेही लगेच नाही, दिवसभर, दोन दिवस विचार करून. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले होते. म्हणजे मला जे व्हायचं ते बिब्ब्यानं केलेलं नव्हतंच. ती माझी ओळख होती. आईच्या हाताची जगात सगळ्यात पक्की ओळख माझ्या कातडीला होती, भावाच्या कातडीला त्याचा पत्ताही नव्हता. असं काहीतरी मनाचं समाधान. समाधानाला पुस्तकात प्रकरण नव्हतं.

आज मात्र ते समाधान पुरेना. कारण कातडीनं खरंच ओळखलं असेल, तर आई उद्या नाही.

अकराच्या सुमाराला टँकरचा भोंगा वाजला आणि सगळी वस्ती घागरी-बादल्या घेऊन धावली. आईला मी घरी बस म्हटलं. ती ऐकते थोडीच. “रांगंत हुबं ऱ्हायला काय डोळे लागत्यात?” म्हणून एक कळशी पदरात धरून ती माझ्यामागे आली, हातभर अंतर ठेवून. माझ्यामागे म्हणजे माझ्या मानेमागे. मी पदर पुन्हा चापून घेतला. रांगेत रत्नम्मा तिच्यामागे. ऊन असं की घागरींच्या काठावर हात ठेववत नव्हता. घाम पिनेपासून निघून मानेकडे वाहत होता आणि प्रत्येक थेंब तिथे पोचला की जणू दार वाजवत होता. मी दात आवळले. पुढच्या बाईनं घागर भरून उचलताना धक्का दिला, माझी पिन सुटली, पदर खांद्यावर. मी सावरायच्या आत मागून एक श्वास ऐकू आला. तो कुणाचा हे बघायला मागे वळायची गरज नव्हती.

आईनं कळशी खाली ठेवली, रांगेतून बाहेर पडली आणि घराकडे चालायला लागली. झपझप. तिच्या वयाची बाई एवढी झपझप चालू नये.

“आई! अगं थांब! तसं नाही ते, घामोळं आहे!”

“अय्यो, काय झालं?” रत्नम्मा म्हणाली. “अक्का, नंबर जाईल की तुझा!”

“जाऊ दे!”

टँकरच्या रांगेतला नंबर त्या उन्हाळ्यात मी आजवर एकदाही सोडला नव्हता. ताप असताना सोडला नव्हता. सासरी गेलेल्या लेकीचं पहिलं पत्र घेऊन पोस्टमन दारात आला होता तेव्हासुद्धा सोडला नव्हता. मागे रत्नम्मानं पुढच्या-मागच्यांना कानडीतून काही जोराचं सुनावलेलं ऐकलं, आणि आमच्या घागरी रांगेत कुणी हलवायच्या नाहीत अशी व्यवस्था झाली असावी, कारण मी घरात शिरते न शिरते तोच तीही दम खात दारात हजर.

आईनं गाठोडं बांधलं होतं. ताटवाटी आत, अंथरुणाची वळकटी बाजूला. ती गाठ दातांनी आवळत होती.

“दुपारची गाडी कितीला हाय?”

“गाडी नाही दुपारची.”

“हाय. काल म्या इचारली.”

“आई, गावात पाणी नाही.”

“न्हाई तर न्हाई. माजं एकटीचं किती लागतंय.” तिनं गाठ सोडून माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. “काल पडले तवाच म्हनलं, मेले असते तर बरं. घासले गं म्या. लई घासले. जातच न्हाई ते. आता मेल्यावरच जाईल.”

 माझ्या डोक्यात ते जाड पुस्तक, भावकी, ओळख, सगळं एकदम उघडून बंद झालं. कुठलंच पान कामाचं नव्हतं. मी तिच्या आणि दाराच्या मधे उभी राहिले. ती मला ढकलून जाणार नाही एवढी मात्र खात्री होती. हात लावल्याशिवाय ढकलता येत नाही.

“बघू, बघू, काय एवढं,” म्हणत रत्नम्मा माझ्या मागे आली. तिला कुणाच्या दुखण्यात डोकावायला परवानगी लागत नसे. तिनं माझा पदर बाजूला केला, चोळीचा गळा बोटानं खाली ओढला, आणि थबकली. मग आणखी वाकली. मग तिला हसू आलं, ते दाबताना शिंकेसारखा आवाज झाला.

“शिवा शिवा! यव्वा, हे काय गं अक्का! ग्यानोबा परटानं तुझ्यावरबी खूण केली की!”

“काय?”

“दोन टिंबं अन् खाली आडवी रेघ. तुमच्या घरची खूण न्हवं का ती? आमच्या घरची तीन टिंबं. बघ की, कशी उठलीय, शिक्का मारल्यासारखी!”

तिनं माझ्या हातात यांचा दाढीचा आरसा दिला, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून मला उभं केलं. मी माझी मान जन्मात पहिल्यांदा पाहिली. उन्हानं काळवंडलेली, थोडी मांसल, मला परकी. आणि तिच्यावर लालबुंद, फुगलेली, अगदी नीटनेटकी, दोन टिंबं आणि खाली रेघ. त्याच्या आजूबाजूला काही नाही.

आता सगळं एकापाठोपाठ आठवलं. पाण्याच्या टंचाईमुळे यांचे सदरे आणि चादरी मी ग्यानोबा परटाकडे टाकायचे, तो कुठल्याशा लांबच्या विहिरीवर धुऊन आणायचा. माझे कपडे कधी टाकले नव्हते. पण आई येणार म्हणून ही एक चांगली चोळी खळ लावून, इस्त्री करून आणायला दिली. कुणाचे कपडे कुणाकडे जाऊ नयेत म्हणून परीट कापडाच्या कडेला सुईनं बिब्ब्याची खूण करतात हे मला ठाऊक होतं. हजारदा यांच्या सदऱ्यावर पाहिली होती. आपल्या मानेशी तीच येऊन बसेल हे मात्र डोक्यात आलं नाही. हीच कालपासून अंगात होती, आणि वर मी भज्यांचं तेल चोळलं. बिब्बा तेलात विरघळतो. पुस्तकातच होतं ते.

आईनं चोळी मागितली. मी आत जाऊन बदलून आले, तिच्या पुढ्यात टाकली. तिनं ती उचलली नाही, वाकून गळ्याच्या पट्टीचा वास घेतला. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईनं घेतला असता तसा.

“बिब्बाच. अन् कच्चा! चुना फासलाच न्हाई मेल्यानं. कुठं ऱ्हातो तो?”

“राहू दे आई.”

“ऱ्हाऊ दे कशाला? हिच्या मानंवर शिक्के मारतो, म्हैस हाय का ही बाजारातली? चुना न्हाई त्याच्याकडं? पानाला लावाया आसंल!”

“पानाला लई हाय त्याच्याकडं, मावशी,” रत्नम्मानं आगीत तूप ओतलं. “दिवसभर तोंड लाल असतंय.”

आणि बोलता बोलता आईची शिवी अर्धीच राहिली. ती माझ्या मागे आली. मला ती दिसत नव्हती, नुसता तिचा श्वास मानेवर लागत होता. डोळ्यानं अधू माणूस बघतं तशी ती अगदी जवळून बघत असावी. 

“काल म्या हितं धरलं व्हतं तुला,” ती म्हणाली. “आसं. समदा पंजा.”

“हो.”

“हिकडं अंगठा व्हता. हिकडं बोटं, पार खांद्यापत्तुर.”

“हो आई.”

“मग पंजा कुठं हाय?”

 रत्नम्माला आमची जुनी गोष्ट ठाऊक नव्हती, तरी ती मधे बोलली नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मी दोन्ही आरशांत पाहिलं. एका आरशात मान, आणि मानेपासून बोटभर लांब, हवेत, एक काळा पंजा. अंगठा इकडे, बोटं तिकडे, कालच्या जागेवर बेतून बघत होता. त्याच्याखालची सगळी कातडी स्वच्छ होती. माझ्या मानेनं परीट ओळखला होता आणि आईला ओळखलं नव्हतं. पुस्तक वाचून बांधलेलं माझं समाधान तिथल्या तिथे गेलं, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

“म्हंजे गेलं व्हय गं?” आई म्हणाली. “हातातनं?”

“गेलं.”

“कवा गेलं आसंल?”

“काय माहीत. दिवाळीपासनं.”

“अन् मला कळलं न्हाई.”

ती खाली बसली, गाठोड्यावरच. तिनं तळहात पुढे धरले आणि त्यांच्याकडे अशी पाहत राहिली की जणू ते दुसऱ्या कुणाचे असून तिच्याकडे राखायला ठेवले होते. मग तिची मान वर आली आणि डोळे बारीक झाले.

“तुला सकाळपासनं ठावं व्हतं. च्या सांडला तवापासनं.”

मी पदर उगाच सारखा केला.

“पदर म्हनं. सरकारी वस्ती म्हनं. माज्यापासनं लपवून राहिली व्हतीस?”

आणि धप्पकन माझ्या पाठीत धपाटा बसला. चांगला, जोराचा, घर दणाणेल असा. मी पुढे गेले, भिंतीला हात टेकला. रत्नम्मा “अय्यय्यो” म्हणाली. आई स्वतःच दचकली, हात मागे घेतला, पुन्हा बघितला. मग तिनं आणखी एक दिला, थोडा हळू, जणू पहिला चुकून लागला की काय याची खात्री करून घेत होती. मला हसू येत होतं आणि नाकातून पाणीही येत होतं, आणि दोन्ही एकदम करताना मी घोडीसारखा आवाज काढला.

“हसती बग कशी. बस खाली. बस म्हनते ना!”

रत्नम्मा घागरींची आठवण होऊन टँकरकडे पळाली. मी आईच्या पुढ्यात बसले. तिनं गाठोडं पायानं बाजूला सारलं, मला दोन गुडघ्यांत आवळून धरलं, अंबाडा सोडला आणि बोटं केसांत घातली. तिची बोटं मऊ नव्हती. खरखरीत, कडक, केस अडकत होते, ओढले जात होते. मावशीच्या हाताचं यात काही नव्हतं. डोक्यावरून कुणी घासणी फिरवावी तसं वाटत होतं. मी हूं की चूं केलं नाही.

“काय करतेस?”

“उवा बगते.”

“आई! माझ्या लेकीचं लग्न झालंय. मला कुठल्या उवा?”

“मग? उवा काय लेकीचं लगीन इचारून येत्यात? सरळ बस. हालू नगं.”

मी सरळ बसले. ती एकेक बट उचलत होती, उजेडाकडे धरत होती, ज्या डोळ्यांना बिब्बा दिसत नव्हता त्या डोळ्यांनी बारकाईनं बघत होती, नाकानं वास घेत होती, पुटपुटत होती. “क्येस पिकले की गं. हिकडंबी. हिकडंबी. कवा झालं ह्ये समदं?” उत्तराची तिला गरज नव्हती. बाहेर टँकरपाशी भांडणं चालू होती, कुणाची तरी बादली गडगडत गेली. दाराशी पाण्यानं भरलेली आमची घागर आदळली, पाठोपाठ कळशी, आणि रत्नम्मा पदरानं घाम टिपत आत डोकावली.

“सापडली का एखादी, मावशी?”

“न्हाई,” आई म्हणाली. “एकबी न्हाई.”

आणि तिनं दुसऱ्या बाजूचा भांग पाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.